मिग-25 हे विमान पोलादाचे का केले होते?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. माझी मुलगी नववीत शिकते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिने सोव्हिएत संघाच्या मिग-25 या विमानाची प्रतिकृती आणि माहितीचा तक्ता मांडला होता. परीक्षकांनी तो पाहून तिला सांगितले की, रशियाजवळ चांगला धातू नव्हता, म्हणून त्यांनी लोखंडाचे विमान केले आणि आत जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) बसवले. ती हिरमुसली खरी, पण तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. 31 ऑगस्ट 1977 रोजी अलेक्झांडर फेदोतोव यांनी याच विमानाच्या खास आवृत्तीतून 37,650 मीटर उंची गाठली आणि जेट विमानांमधला तो विक्रम आजही कायम आहे. मागासलेल्या विमानाकडून हे घडले असते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ (धुळे)

दादा, मी धुळ्याच्या आयटीआयमधून ओझरच्या विमान कारखान्यात गेलो आणि निवृत्तीपर्यंत मिग-21च्या सांगाड्यावर काम केले. मिग-25 आमच्याकडे तयार होत नव्हते, परंतु धातूचा विषय हातातला असल्याने लिहितो.

मिग-21चा सांगाडा मुख्यतः ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि रिव्हेटने, म्हणजे भोकातून घालून ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेला. ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंत तो पुरतो. मिग-25ला मात्र ध्वनीच्या 2.8 पट वेगाने जायचे होते. त्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की नाकाशी आणि पंखांच्या कडेशी तापमान तीनशे अंशांच्या आसपास जाते, आणि ड्युरॅल्युमिनची ताकद तर दीडशे अंशांपुढेच ढासळू लागते. उरतात दोन धातू, टायटॅनियम आणि पोलाद.

टायटॅनियम रशियाजवळ नव्हते, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. अमेरिकेने आपल्या एसआर-71 या टेहळणी विमानासाठी लागणारे टायटॅनियम मध्यस्थांमार्फत सोव्हिएत संघाकडूनच मिळवले होते. अडचण कामाची होती. टायटॅनियमचा पातळ पत्रा वेल्डिंग करताना तडकतो, आणि गरम टायटॅनियमला हवा लागली की सांधा ठिसूळ होतो. त्याला लागणारी काळजी थोड्या विमानांपुरती घेता येते; एसआर-71 एकूण 32च झाली. मिग-25 मात्र गोर्की शहरातल्या कारखान्यातून अकराशेहून अधिक बाहेर पडली. निकेलयुक्त पोलादाचे वेल्डिंग यंत्रानेही होते आणि हातानेही होते, आणि एखादा सांधा उकलला तर तळावरचा कुशल वेल्डर तो पुन्हा जोडू शकतो. शिवाय इंधनाच्या टाक्या वेगळ्या न बसवता सांगाड्याच्या वेल्ड केलेल्या पोकळ्यांतच इंधन भरले जाई. रिव्हेटच्या टाकीत प्रत्येक भोक बंद करण्यासाठी सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावावे लागते आणि इतक्या उष्णतेत टिकणारे सीलंट मिळवणे हे वेगळेच संकट असते. ज्याने आयुष्यभर रिव्हेट मारले आहेत, त्याला या निर्णयाचे मोल कळते.

बोरीकाठ (अमळनेर)

पांझराकाठ आबांनी धातूचे सांगितले, मी व्हॉल्व्हचे सांगतो. हवाई दलाच्या जमिनीवरील रडार विभागात माझी नोकरी झाली.

या विमानाच्या रडारचे नाव स्मेर्च, म्हणजे आपली वावटळ. त्याची शक्ती सुमारे 600 किलोवॅट होती. शत्रूचे बॉम्बफेकी विमान रडारला आंधळे करण्यासाठी खोटे संकेत सोडते, आणि त्या गोंगाटावर मात करून जाण्यासाठी एवढा जोर हवा होता. 1960च्या दशकात अर्धवाहकांच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरसारख्या भागांच्या) साहाय्याने विमानाच्या नाकात मावेल असा हा जोर काढणे कोणत्याच देशाला शक्य नव्हते. त्यात व्हॉल्व्ह उष्णता सहज सोसतो, ट्रान्झिस्टर सोसत नाही.

व्हॉल्व्हची चर्चा सुरू झाली ती 6 सप्टेंबर 1976 रोजी, जेव्हा व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक आपले मिग-25 घेऊन पळाला आणि जपानमधील हाकोदातेच्या विमानतळावर उतरला. तज्ज्ञांनी ते विमान सुटे करून तपासले, तेव्हा आतले व्हॉल्व्ह जगासमोर आले. त्यांना काही ठिकाणी रिव्हेटची डोकी वर आलेली दिसली, पण ती होती जिथे हवेच्या प्रवाहाला त्यांचा अडथळा नव्हता, अशाच जागी. आपल्या हवाई दलानेही 1981 ते 2006 या काळात बरेलीहून मिग-25 वापरले, मात्र ती टेहळणीची आवृत्ती होती.

वाघूर (भुसावळ)

दोन्ही ज्येष्ठांचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण मुलीने उद्या उलट टोकाला जाऊन सर्वच गौरव लिहू नये. पोलाद निवडण्याची किंमत मोजावी लागली. पूर्ण भारासह हे विमान 36 टनांहून जड होते, त्यातले सुमारे 14 टन निव्वळ इंधन, आणि तरीही पल्ला बेताचाच. ते झटकन वळू शकत नव्हते. 1967 साली दोमोदेदोवोच्या प्रदर्शनात ते पाहून अमेरिकेने त्याला चपळ लढाऊ विमान समजून धास्ती घेतली, ती बेलेन्कोनंतर ओसरली. तसेच स्मेर्च रडारला जमिनीलगत उडणारे लक्ष्य पार्श्वभूमीतून वेगळे दिसत नव्हते, आणि पुढे नवे रडार बसवावेच लागले. सोव्हिएत इलेक्ट्रॉनिक्स मागे होते, हे परीक्षकांचे म्हणणे त्या अंशापुरते खरे आहे. चुकले ते एवढेच की त्यांनी पोलादही त्याच हिशेबात धरले.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वाघूर भाऊ, ही बाजू तिला वाचून दाखवली आणि तिने वजनाचा रकाना तक्त्यात स्वतःहून वाढवला. आबा, आता एकच विचारायचे आहे. संपूर्ण विमान पोलादाचे होते की काही भाग वेगळे होते? प्रतिकृतीला रंग त्याप्रमाणे द्यायचे ती म्हणते.

पांझराकाठ (धुळे)

सुमारे 80 टक्के निकेलयुक्त पोलाद, 11 टक्के ॲल्युमिनियम मिश्रधातू आणि 9 टक्के टायटॅनियम. टायटॅनियम सर्वाधिक तापणाऱ्या जागी वापरले होते, म्हणून पंखांची पुढची कड वेगळ्या रंगात दाखवावी, आणि उरलेले सर्व पोलादी करडे ठेवावे.