फ्रान्सिस्कन मँझनिटा एका बाजूनं वाळतंय

परसातली_पमा:
मार्चमध्ये नर्सरीतून हे रोप आणलं. मूळचं सॅन फ्रान्सिस्कोचंच, बारमाही हिरवं, म्हणून कौतुकानं इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला परसात लावलं. मे महिन्यात सासूबाई चिपळूणहून आल्या. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘अमेरिकन करवंद’ आणि तुळशीबरोबर रोज त्यालाही तांब्याभर पाणी. करवंदासारखं चिवट असेल म्हणून मी गप्प बसले. आता एका बाजूची पानं आधी मलूल, मग तपकिरी झालीत. गळत मात्र नाहीत, तशीच लटकलीत. पाणी कमी पडतंय असं वाटून मी संध्याकाळीही घालायला लागले. अजून काय करू?

ओकलंडचा_बाळू:
पमाताई, आधी तो तांब्या लपवा! इथला पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. या झुडपाला सवय सर्पेंटाइन नावाच्या खडकाच्या खडकाळ मातीची आणि समुद्रावरच्या धुक्याची. तापलेल्या ओल्या चिकणमातीत फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो. बुंध्याची माती जरा सारून सालीला नखानं ओरखडा काढा. आत काय रंग दिसतो?

परसातली_पमा:
वाळल्या बाजूला चहाच्या चोथ्यासारखा. दुसरीकडे हिरवंगार. सासूबाई शेणखत घालू म्हणताहेत.

ओकलंडचा_बाळू:
खत अजिबात नको, आणि आत्ता उपटून हलवूही नका. मेलेली फांदी कापा, कात्री स्पिरिटनं पुसा. खरं सांगू? मूळकूज असेल तर वाचण्याची खात्री नाही. हिवाळ्यात हिरव्या शेंड्यांची छाट कलमं करून ठेवा.

धुक्यातला_जोशी:
कलमांना माझाही दुजोरा. 1947 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतली लॉरेल हिलची स्मशानभूमी सपाट झाली तेव्हा जंगलातलं शेवटचं झुडूप गेलं असंच सगळे धरून चालले होते. त्याआधी उपसून नेलेली काही रोपं बागांत तगली होती. मग ऑक्टोबर 2009 मध्ये गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या डॉइल ड्राइव्ह या रस्त्याच्या कामात आजूबाजूची झाडी तोडली, आणि गाडीतून जाणाऱ्या एका वनस्पतीतज्ज्ञाला रस्त्यांमधल्या जमिनीच्या तुकड्यात हे झुडूप दिसलं! जानेवारी 2010 मध्ये मातीच्या गड्ड्यासकट क्रेननं उचलून जवळच्याच प्रेसिडिओ उद्यानात हलवलं. 2012 पासून संकटग्रस्त यादीत आहे.

परसातली_पमा:
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. तांब्या तुळशीपाशीच थांबला. मात्र ‘बघ, मेलंय म्हणाले तरी उगवलं’ म्हणत वाळकी फांदी कापू देत नाहीत.

ओकलंडचा_बाळू:
दुपारी त्या झोपल्या की कापा.