ओशनॉग्रफी : जोर नेमका कशावर?

फोंड्याहून भाचीचा फोन. "मामा, दोनापावलच्या संस्थेवर भाषण आहे. ओशनोग्राफी म्हणू की ओशनॉग्रफी?" ही संस्था म्हणजे गोव्यातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओशनॉग्रफी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आमच्याकडे तिला सगळे एनआयओच म्हणतात, त्यामुळे अख्खा शब्द तोंडात यायची वेळ कधी आलीच नव्हती.

इंग्रजीत त्याचे पाच तुकडे पडतात: ओ-श-नॉ-ग्र-फी. जोर 'नॉ'वर. आता मूळ बघा. ग्रीकांचा ओकेआनोस म्हणजे पृथ्वीला वेढून वाहणारी पुराणातली महानदी, आणि ग्राफेइन म्हणजे कोरणे, लिहिणे. दोन्ही जोडणारा सांधा म्हणजे मधला 'ओ'. गंमत ही, की इंग्रज माणूस ना समुद्रावर जोर देतो ना लिहिण्यावर. तो नेमका सांध्यावर देतो! जिऑग्रफी, बायॉलॉजी, थर्मॉमीटर, सगळीकडे तेच.

शेपूट बदललं की जोरही सरकतो. ओशनोग्रॅफिक म्हणताना तो 'ग्रॅ'वर जातो. ढोबळ नियम असा: शेवटी ग्रफी, लॉजी, मेट्री असेल तर शेवटून तिसरा तुकडा, 'इक' असेल तर शेवटून दुसरा. (अरिथ्मेटिकसारखे हट्टी शब्द सोडून.) आणि 'ओशन'चे तुकडे दोनच, पण 'ओशिॲनिक'चे चार.

आपल्या कानाला हे जड जातं, कारण आपण वजन करतो ते लघु-गुरूंचं. 'ओशनॉ' म्हणजे 'राधिका', गुरू-लघु-गुरू, सरळ र गण. इंग्रजीत मात्र जोर नसलेला स्वर पार झिजतो, म्हणून तिकडे 'ग्रा'चा 'ग्र' होतो. आपण फोटोग्राफी म्हणतो तेव्हा 'ग्रा' ऐटीत उभा असतो. मला त्यात चूक वाटत नाही. मराठीत आलेल्या शब्दाने मराठी चालीने चालावं. इंग्रजीतून बोलायचं असेल तर मात्र 'नॉ'.

आमच्या वाड्यावरचे पोर्तुगीज शिकलेले एक आजोबा तिसरंच म्हणतात: ओसिआनोग्राफीया, आणि ठासून 'फी'वर. ऐकायला विचित्र, पण ग्रीकमध्येही 'ग्राफिआ'चा जोर त्या 'इ'वरच असतो. म्हणजे मुळाच्या जवळ आजोबाच.

अर्थाबद्दलही एक. आपण समुद्रविज्ञान म्हणतो, शब्दशः मात्र ते समुद्रलेखन. ते अगदीच गैरलागू नाही: १८७२ ते १८७६ 'चॅलेंजर' जहाज जगभर दोर सोडून खोली मोजत, नोंदी करत फिरलं. १९६० ते १९६५ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीमही नोंदींचीच होती, आणि तिच्यातूनच १९६६ साली एनआयओ उभी राहिली.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "मग मी समुद्रविज्ञानच म्हणते. त्यात जोर कुठे द्यायचा ते कुणी विचारणार नाही ना?"