मदत हवी आहे : आरगॉनचा सिलिंडर हॅचबॅकमधून आणताना नक्की कसा बांधावा?

टिग वेल्डिंगसाठी (विजेच्या ठिणगीने धातू जोडताना जोडाभोवती आरगॉन सोडतात ते) 10 लिटरचा, 150 बार दाबाला भरलेला आरगॉनचा सिलिंडर आणायचा आहे. एकाच सिलिंडरसाठी पुरवठादार गाडी पाठवत नाही आणि पिकअप किंवा ट्रेलरची सोय नाही. गाडी हॅचबॅक, म्हणजे डिकी आणि आपण बसतो ती जागा एकच. रस्ता अर्ध्या तासाचा.

रेग्युलेटर काढलेला असेल, व्हॉल्व्हवर टोपी घट्ट असेल, निघण्यापूर्वी साबणाचं पाणी लावून गळती बघेन, काचा उघड्या ठेवेन आणि पोचल्यावर लगेच उतरवेन. आरगॉन पेटत नाही हे खरं, पण वास नाही, हवेपेक्षा जड, आणि पूर्ण गळला तर सुमारे 1500 लिटर वायू गाडीत! ऑक्सिजन कमी झालेला माणसाला कळतसुद्धा नाही, थेट शुद्धच जाते. म्हणून काचांबाबत तडजोड नाही, पाऊस असला तरी.

घोडं अडलंय ते बांधण्यात. उभा ठेवून पाहिला (रिकामा), तर वरच्या बाजूला पट्टा अडकवायला काहीच नाही आणि वळणावर डुलतो. मागची सीट पाडून आडवा ठेवला तर डिकीतल्या कड्यांना रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा बसतो, पण गोल सिलिंडर पट्ट्याखालून हळूहळू सरकतो. जोरात ब्रेक लागला तर तो सरळ पुढे येणार.

अ‍ॅसिटिलीनचा (गॅस वेल्डिंगचा पेटणारा वायू) प्रश्न नाही, ते बंद गाडीतून नेणारच नाही.

तर आडवा ठेवताना गाडीच्या लांबीत ठेवावा की रुंदीत, व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला असावा, आणि सरकू नये म्हणून खाली-पुढे काय लावता?