बोका सारखा लघवीला बसतो, पण होत नाही

प्रश्न: चार वर्षांचा बोका, नसबंदी झालेली. सकाळपासून सारखा लिटर ट्रेमध्ये (शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) बसून कण्हतोय, लिटर कोरडंच. बद्धकोष्ठ असेल तर एरंडेल देऊ का?

उत्तर: एरंडेल नको! मूत्रमार्ग तुंबलेला दिसतोय. बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद, त्यात खडे किंवा चिकट स्राव अडकतो. मग रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. उद्यावर ढकलू नका, आत्ताच डॉक्टरकडे न्या. पोट दाबू नका, मूत्राशय फुटू शकतं.

उत्तर: दुखतंय म्हणून क्रोसिन तर मुळीच नको, त्यातलं पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे.

उत्तर: तुंबलेली लघवी काढायला डॉक्टर कॅथेटर (नळी) घालतात, ती काढल्यावर पहिला आठवडा जपा, पुन्हा तुंबतं. लघवीने लिटरचे जे गोळे होतात ते रोज मोजा. ओलं खाणं द्या, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा.