गिरींचा १९६९ चा विजय खरंच अपक्षाचा होता का?

पार्लेकर (धागाकर्ता): उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपती झालेला अपक्ष म्हटलं की व्ही. व्ही. गिरींचं नाव हमखास पुढे येतं. माझ्या मते ते अपक्ष होते फक्त उमेदवारी अर्जावर. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन गेले आणि कलम ६५ नुसार गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. २० जुलैला राजीनामा देऊन ते रिंगणात उतरले. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असं काँग्रेसच्या आमदार-खासदारांना सांगितलं नसतं, तर निकाल काय लागला असता? एवढं करूनही तरले ते दुसऱ्या पसंतीच्या मतांवर (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, आणि उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात).

गिरगाव चौपाटी: शेवटचं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण आकडे मांडून बघा. वैध मतमूल्य (आमदार-खासदारांच्या मतांना ठरलेलं वजन धरून बेरीज) ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला लागणारा कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. देशमुख आणि बाकीचे बाद झाल्यावर गिरींकडे वळली जेमतेम १८,५६२, रेड्डींकडे ९१,८७९! काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे रेड्डींसाठी दुसरी पसंती मागितली होती, तिचा हा परिणाम. अखेर ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. म्हणजे दुसऱ्या पसंतीने गिरींची ८७,९६७ ची आघाडी १४,६५० वर आणली. ते जिंकले पहिल्या पसंतीतल्या आघाडीवर. आणि या निवडणुकीत व्हिप (पक्षादेश) काढता येत नाही, मतदानही गुप्त असतं. अधिकृत उमेदवाराविरुद्ध एवढी मतं मिळवणं ही लहान गोष्ट नाही.

पार्लेकर: आकडे मान्य, पण पहिल्या पसंतीची ती मतं आली कुठून? पंतप्रधानांच्या गटाकडून, डाव्यांकडून, द्रमुककडून. अपक्ष म्हणायचंच तर देशमुखांना म्हणा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस.

शिवाजी पार्क कट्टा: देशमुखांमागेही जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होतेच की. पाठिंबा हा निकष लावला तर कुणीच अपक्ष उरणार नाही. खरं बघायचं ते पदावर बसल्यानंतर. बोलिव्हियात कार्लोस मेसा कुठल्याच पक्षाचे नव्हते. ऑक्टोबर २००३ मध्ये उपाध्यक्षाचे अध्यक्ष झाले, पण संसदेत स्वतःचे सदस्य नाहीत, त्यामुळे जून २००५ मध्ये पायउतार. ब्राझीलच्या इतामार फ्रँको यांनी मात्र अनेक पक्षांतले मंत्री घेतले आणि त्यांच्या काळात १९९४ ला रिआल चलन आलं.

पार्लेकर: मग पदावरचंच बघू. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत पडली, आणि लगेच गिरींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. अपक्ष माणसाने निदान थांबून विचारायला हवं होतं. पक्षात कधीच नसलेले राधाकृष्णन १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारच्या चुकांवर उघड बोलले होते.

गिरगाव चौपाटी: बोलणं वेगळं, सही अडवणं वेगळं. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची लेखी तरतूद आली १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने. १९७० मध्ये गिरींच्या हातात ती नव्हती. मात्र खासगीत तरी हरकत घ्यायला हवी होती, हे तुमचं म्हणणं मी खोडणार नाही.