बंगल्याशेजारचा पालिकेचा तिकोनी तुकडा विकत मिळतो का?

कोपऱ्यावरचा बंगला
नमस्कार मंडळी. कर्वेनगरात आमचा जुना बंगला आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा कोपऱ्यावर एक तिकोनी तुकडा उरला, असेल अर्धा गुंठा. पावसाळ्यात कंबरेएवढं गाजरगवत, एरवी कुणाच्या तरी फ्लॅटमधून निघालेल्या फरश्या आणि फुटके कमोड, गणपती झाले की निर्माल्याच्या पिशव्या. साफ करून घेतो मीच, पदरचे पैसे मोजून. मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र 'ती जागा आम्हालाच मिळणार' असं सांगत फिरतात.

भाचा डेट्रॉइटला असतो. तिथली लँड बँक, म्हणजे ओस जागा सांभाळणारी सरकारी संस्था, असे रिकामे प्लॉट लगतच्या घरमालकाला 100 डॉलरला देते म्हणे. आपल्याकडे अशी काही सोय आहे का? रेडी रेकनरच्या दराने पैसे भरायची तयारी आहे. बायकोला तिथे पारिजातक लावायचाय, बाकी काही नाही.

पेठी
एवढे कशाला कागद रंगवताय? तारेचं कुंपण घाला. 12 वर्षं वहिवाट दाखवली की जागा तुमची.

जुनी नस्ती
पेठी, हा सल्ला तुमच्याकडेच राहू द्या. 12 वर्षं खाजगी जागेला. सरकारी जमीन असेल, किंवा सार्वजनिक रस्त्याचा भाग असेल, तर दाव्याची मुदत 30 वर्षं. आणि दाव्यापर्यंत जातंय कोण? रस्त्यावरचं अतिक्रमण महापालिका अधिनियमाच्या कलम 231 खाली नोटीस न देताही उचलता येतं. कुंपण जाईल, पारिजातकही जाईल.

आता बंगलेवाले काका, तुमचं. नोकरीची बरीच वर्षं मी अशाच फायलींत काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. शेजारी आहे म्हणून पहिला हक्क, असं महापालिकेच्या जागेबाबत गृहीत धरू नका. कलम 79 वाचा. स्थावर मालमत्ता विकायची तर आयुक्तांच्या एकट्याच्या सहीने भागत नाही, मुख्य सभेची मान्यता लागते. आणि किंमत चालू बाजारभावापेक्षा कमी धरता येत नाही. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्काचा आधार. बाजारभाव तिथेच थांबेल असं नाही. शिवाय 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातलं एक जमीनवाटप रद्द करताना बजावलंय की जाहिरात न देता, नुसत्या अर्जावर सार्वजनिक जमीन वाटता येत नाही. त्यामुळे तुमचा अर्ज आला की कुठलाही शहाणा अधिकारी त्यावर 'लिलाव का नको?' असा शेरा मारणार. त्या लिलावात तुमच्यासमोर सेक्रेटरीच बसलेले असतील.

डेट्रॉइटची गोष्ट निराळी. 1950 साली तिथे साडेअठरा लाख लोक होते, 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार. घरं ओस पडली. कुणीतरी गवत कापावं आणि कर भरावा, एवढ्यासाठी शहर प्लॉट देतंय. कर्वेनगरात कोण घर सोडून चाललंय?

पण या सगळ्याआधी एक प्रश्न आहे: जागा पालिकेचीच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? जुन्या ले-आउटमधले रस्ते आणि तुकडे कित्येकदा अजून मूळ मालकाच्याच नावावर असतात. रस्त्यासाठी घेतली म्हणतात, ताबाही गेलेला असतो, पण फेरफार झालेला नसतो. आधी प्रॉपर्टी कार्ड काढा, नाहीतर सातबारा. तुकड्याला वेगळा नंबर आहे की तो रस्त्यात मिळवलाय, ते बघा. मग विकास आराखड्यात त्यावर आरक्षण किंवा पुढचं रुंदीकरण दाखवलंय का, तो अभिप्राय घ्या. पुढच्या रुंदीकरणात जाणारी जागा असेल तर विषय तिथेच संपला. राज्य सरकारची निघाली तर पालिकेत खेटे घालू नका, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्यात आधीच कुंपण घातलेलं असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 51 आहे: अतिक्रमण नियमित करायला जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम, तीही जाहीर नोटीस काढून. पेठींना दाखवा.

मीटरवाली
सेक्रेटरींना त्यात पारिजातक लावायचा नसणार हो! रिडेव्हलपमेंट जवळ आली की अर्ध्या गुंठ्यालाही भाव येतो. प्लॉटला जोडला की तेवढा एफएसआय, म्हणजे बांधता येणारं क्षेत्रफळ, वाढतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या रस्त्यावर तोंड मिळतं. खरं सांगायचं तर काका, तुम्हालाही उद्या बिल्डर हेच सांगेल. म्हणून मला तरी हा तुकडा कुणालाच विकू नये असं वाटतं. फक्त झाडं हवी असतील तर उद्यान विभागाला विचारा, देखभाल तुम्ही करायची आणि मालकी आहे तशी ठेवायची, असं काही जमतंय का.

कोपऱ्यावरचा बंगला
मीटरवाली, बिल्डर येऊन गेला. नाही म्हणून सांगितलंय, पण मुलाचं मत वेगळं आहे. असो. देखभालीचं लिहून देणारा अर्ज मला पटतोय. प्रॉपर्टी कार्डासाठी सोमवारी जातो. हद्द पक्की करायला सरकारी मोजणी आताच मागवू का?

जुनी नस्ती
कार्ड हातात येईपर्यंत नको. मोजणीच्या नोटिसा लगतच्या सगळ्यांना जातात, सोसायटीलाही. सेक्रेटरी हरकतीचा अर्ज लिहूनच मोजणीला उभे राहतील. तोपर्यंत तुमच्या हातात कार्डाची नक्कल आणि आराखड्याचा अभिप्राय, दोन्ही असू द्या. आणि राडारोडा टाकणाऱ्या टेम्पोचा नंबरासकट फोटो काढून ठेवा, देखभालीच्या अर्जाला जोडता येईल.