झाडांचा ग्रुप एकदम भारी, पण तिथल्या थिअऱ्या झेपत नाहीत, काय करू?

कुंडीवाली_फोंडा:
आमच्या भागातल्या झाडवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अधूनमधून रविवारी कोणाच्या तरी परसात जमतो, रोपं काड्या बिया सगळं फुकट मिळतं. अबोली, अनंत, परवा तर जायफळाचं रोपसुद्धा मिळालं. माणसं खरंच गोड आहेत. पण चहा आला की सुरू! एक काका प्रत्येक कुंडीत काठीला तांब्याची तार गुंडाळून खोचतात, म्हणे हवेतली वीज मातीत उतरते. दुसरे म्हणतात त्यांच्या माडाची बोंडं मोबाइल टॉवरमुळे गळतात. एका काकूंच्या बेडरूममध्ये स्नेक प्लांटची रांग, रात्रीच्या ऑक्सिजनसाठी. आणि गायीच्या शिंगात शेण भरून खतासाठी जमिनीत पुरायचं, कारण ते म्हणे वेदांमध्ये सांगितलंय. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, ऐकून घेववत नाही आणि तोंड उघडलं की मी आगाऊ. ग्रुप सोडावा असं वाटतं पण सोडवतही नाही. तुम्ही कसं निभावता?

सत्तरीचो_कुळागरकार:
बाय, सोडू नको गो. या लोकांचा हात चांगला असतो, फक्त कारण सांगायला गेले की घसरतात. आमच्याकडे अजून बांबू अमावास्येलाच तोडतात. माझा चंद्रावर विश्वास नाही, पण तोच म्हातारा पाऊस संपल्यावर तोडतो आणि मग बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतो, त्याने आतलं पिठूळ उतरतं आणि भुंगा कमी लागतो. काम बरोबर, श्रेय चंद्राला. तांब्याचंही तसंच, सुपारीला कोळेरोग (फळं कुजवणारी बुरशी) येऊ नये म्हणून आम्ही पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतो, १ किलो मोरचूद (त्यात तांबंच असतं), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. तिथे तांबं बुरशीला मारतं म्हणून उपयोग, हवेतली वीज बीज काही नाही. काकांना हे सांग, खूश होतील, तांब्याचं कौतुक झालं ना!

निवडुंग_म्हापसा:
मी जरा उलट मताचा. गप्प बसून बसूनच हे वाढतं. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन सोडतं दिवसा उजेडातच. हवा शुद्ध होते म्हणतात ते सगळं नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून, आणि तो हवाबंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला तर नेहमीच्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं, म्हणजे काकूंना झोपायला जागाच नको. खिडकी उघडा, गोव्यात वारा फुकट आहे. आणि शिंगाचं विचारशील तर ते १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने व्याख्यानांत सांगितलेलं, वेदबिद काही नाही 😄 हे मात्र सांगू नको, शिंगवाले दुखावतील.

अनंत_मडगाव:
तार, शिंग, चंद्र मी हसून सोडून देते. पण पाळीत झाडाला हात लावायचा नाही, तुळस सुकते, लोणचं नासतं, हे आमच्या ग्रुपमध्ये एकाने पोरींसमोर सांगितलं तेव्हा मी तिथेच सरळ बोलले, की माझी मोगऱ्याची कुंडी बघा आणि मग सांगा. तो चिडला, बाकीच्या बायका मात्र माझ्या बाजूने. आपण रेघ तिथे मारायची. आणखी एक, कोणी नवख्याला "पिठ्या ढेकूण लागलाय, मंत्राचं पाणी शिंपड" असं सांगत असेल तर मध्ये पडायचं, नाहीतर तेवढ्यात कीड शेजारच्या कुंडीत.

सत्तरीचो_कुळागरकार:
ते टॉवरवालं राहिलंच की. त्या बाबाला गळलेलं बोंड उचलून देठाकडची टोपी काढायला सांग. खाली फिकट त्रिकोणी डाग असेल आणि पुढे तो तपकिरी, भेगाळलेला होत असेल तर ती कोळी नावाची कीड आहे, इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. डाग नसेल तर खत पाणी बघा. टॉवरशी भांडू नको, बोंड दाखव, त्यांचा माड वाचला की थिअरी आपोआप मागे पडते.

कुंडीवाली_फोंडा:
हे आवडलं! पुढच्या रविवारी भिंग घेऊनच जाते. पाळीचं आमच्याकडे अजून कोणी काढलेलं नाही, काढलं तर मीही बोलणार. आणि एक विचारायचं राहिलं, ज्यांनी जायफळ दिलं त्यांनी दोऱ्याला अंगठी बांधून रोपावर धरली आणि मादी आहे म्हणाले, खरं असेल का?

सत्तरीचो_कुळागरकार:
अंगठी घरी ठेव 😂 बियांचं रोप असेल तर नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, त्याला सहा-सात वर्षं तरी जातात. जागा एकाच झाडाची असेल तर मादीचं कलम आण, पण आसपास कुठे तरी नर झाड हवं, नाहीतर फळ कसं धरणार. आणि रोपाला पहिली दोन-तीन वर्षं सावली लागते, गच्चीवर ठेवू नको.